तुम्ही विचारलंत म्हणून: वेल्डर कुठला घेऊ?

गाडी बघायला आलेला माणूस हौद्याखाली वाकतो, चासीवरचे वेल्डिंगचे टाके बघतो आणि उठता उठता विचारतो, "घरच्या घरी असली कामं करायला स्वस्तातला वेल्डर कुठला घेऊ?" आजवर मी "कामावर अवलंबून आहे" म्हणून सुटत आलो. लोकांना वाटतं मी टाळतोय. टाळतच होतो. खरं उत्तर द्यायचं तर पिकअपच्या हुकाचं सांगावं लागतं.

आधी उत्तर. काम चासीचं, बंपरचं, हौद्याच्या फ्रेमचं असेल, म्हणजे जाड लोखंडाचं, आणि पैसे मोजके असतील, तर इन्व्हर्टरचं (घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी संबंध नाही, हा वेल्डरचाच एक प्रकार) साधं रॉडचं मशीन घ्या. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. नाव ऐकलं की पुढचं कोणी ऐकत नाही.

मी स्वतः मिग घेतलं होतं, म्हणजे रॉडऐवजी आपोआप सरकणारी तार आणि जोडावर गॅस सोडणारं मशीन. छोटं, १४० अँपिअरचं, ०.८ मिलिमीटरची तार. ट्रिगर दाबला की टाका पडतो, स्लॅग (रॉडच्या टाक्यावर जमणारी कडक खपली) झाडायला लागत नाही, रॉड चिकटत नाही. आठवड्याभरात मला वाटायला लागलं, आपल्याला वेल्डिंग येतं. टाके खरंच देखणे पडत होते.

त्याच मशीनवर मी पिकअपच्या मागच्या बंपरला ओढायचा हुक बसवला. ८ मिलिमीटरची प्लेट, चारही बाजूंनी टाका, वरून काळा रंग. पावसाळ्यात एका ओळखीच्याची गाडी चिखलात रुतली. दोर लावला, मी स्टिअरिंगवर बसलो, धाकटा भाऊ मागे उभा राहून हात दाखवत होता. पहिल्या ओढीला गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा मी थोडा जोर दिला आणि मागे फाडकन आवाज झाला. मला वाटलं दोर तुटला. दोर शाबूत होता. हुक प्लेटसकट निघून दोराबरोबर उडाला होता आणि रुतलेल्या गाडीच्या बोनेटवर आपटला होता. पत्र्यात छातीच्या उंचीवर मुठीएवढा खड्डा. ओढ बसायच्या आधी चिखल उडेल म्हणून भाऊ बाजूला सरकला होता. दोन पावलं. तो काही बोलला नाही, नुसता त्या खड्ड्याकडे बघत राहिला. मी गाडी बंद करायचंही विसरलो होतो.

ती प्लेट माझ्याकडे अजून आहे. उलटी करून बघा. टाका आख्खा आहे, खवल्यावर खवला, कुठे तडा नाही. पण कडेला, जिथे लोखंड वितळून एक व्हायला हवं होतं, तिथे कारखान्यातून येते ती निळसर काळी पपडी जशीच्या तशी आहे. टाका लोखंडात शिरलाच नव्हता, वर नुसता बसला होता. एवढ्या कमी करंटला मिगची तार जाड प्लेटवर असंच करते. वरून सुंदर दिसतं आणि आत काही नसतं.

तेव्हाचा मी यावर म्हणाला असता, मशीनचा काय दोष? पपडी ग्राइंडरने काढली नव्हतीस, कडा तिरक्या घासल्या नव्हत्यास, एकाच फेरीत उरकलंस. बरोबर आहे. कसलेल्या वेल्डरने त्याच मशीनवर दोन-तीन फेऱ्यांत तो जोड पक्का केला असता. पण विचारणारा कसलेला नसतो, मीही नव्हतो. रॉड नवशिक्याला खोटी शाबासकी देत नाही. करंट कमी पडला तर चिकटतो, टाका ढिगासारखा वर राहतो, चूक डोळ्यांना दिसते. मिगसारखी वाऱ्यात गॅस उडून जायची भीती नाही, थोडा गंज असला तरी चालवून घेतो. स्लॅग आत अडकू शकतो, हेही खरं.

आता मशीनचं. पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेल्या २०० च्या आकड्याला भुलू नका, मागची पट्टी वाचा. ड्यूटी सायकल, म्हणजे मशीन विश्रांतीशिवाय किती वेळ जोडकाम करू शकतं, ती १० मिनिटांवर मोजतात: २०० अँपिअरला ३० टक्के म्हणजे ३ मिनिटं जोडकाम, ७ मिनिटं विश्रांती. तुम्हाला १२० अँपिअरला काय मिळतं ते महत्त्वाचं, कारण ३.१५ मिलिमीटरचा ७०१८ (हा रॉडचा एक प्रकार) साधारण तेवढ्यावरच चालतो. (तो कोरडाच ठेवा, ओल धरली की जोडात हायड्रोजन जातो आणि मागाहून तडे पडतात.) १२० अँपिअरला नुसत्या आर्कमध्येच, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीत, जवळजवळ ३ किलोवॅट जातात. मशीन त्याहून जास्त खेचतं. बारीक वायरीचं लांब एक्स्टेन्शन लावलंत तर चांगलं मशीनही मलूल होतं, आणि लोक परत येऊन मला दोष देतात.

आणि हो, गाडीवर टाका मारण्याआधी बॅटरी सोडवा आणि अर्थचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर ते खराब होतं.

मग मिग वाईट का? नाही. हौद्याचा सडलेला पत्रा बदलताना मी रॉडने इतकी भोकं पाडली की शेवटी मिगच काढलं, आणि फाळक्याची खालची कड त्यानेच झाली. म्हणजे पत्र्याचंच काम करणाऱ्याला मी वर दिलेला सल्ला चुकीचा आहे. दोन्ही कामं असतील तर? मला अजून ठरवता आलेलं नाही.

हल्ली कुठलंही काम सुरू करायच्या आधी त्याच जाडीचे दोन तुकडे जोडतो, व्हाइसमध्ये धरतो आणि हातोड्याने वाकवतो. गेल्या महिन्यात भावाने त्याच्या गाडीला हुक बसवायला सांगितला. तुकडा पार आडवा झाला, जोड सुटला नाही. भाऊ म्हणाला, "मग मार की टाका." मी चासीला भोकं पाडली आणि हुक बोल्टने लावला.