स्लॅब तापणारा वर्ग निववताना

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या तीन खोल्या. समितीचा पहिला आग्रह होता जास्त पंख्यांचा. पण छताला हात लावून पाहिला तर एप्रिलअखेर सकाळची शाळा भरतानाही ते कोमट लागे. या भागात एप्रिलअखेर आणि मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सगळं ऊन छत खातं, आणि काँक्रीट ती धग रात्रभर खाली सोडत राहतं. पंखा तीच हवा फिरवतो. म्हणून आधी छत धरलं: ऊन परतवायला त्यावर वरून पांढरा चुना द्यायचा.

१० किलो कळीचा (न विझवलेला) चुना, ५० लिटर पाणी. लोखंडी पिंपात पाणी घेऊन कळी थोडी थोडी सोडायची. मिश्रण उकळतं, प्लास्टिकची बादली वाकते. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि काम सुट्टीच्या दिवशी, पोरं जवळपास नकोत. २४ तास मुरवून जाड कापडातून गाळलं, गरम पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम डिंक घातला. भिंतीला चुना देताना नीळ टाकतात, इथे नाही. आपल्याला पांढरेपणाचा देखावा नको, ऊन परतवायचंय.

पहिला हात वाया गेला. शेवाळ नुसतं झाडलं होतं, शिवाय भर दुपारी तापल्या स्लॅबवर मारला. पाणी स्लॅबने शोषलं, चुना भुकटी होऊन बोटाला येऊ लागला. मग तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, स्लॅब ओला ठेवून सूर्य उतरल्यावर तीन हात दिले. पावसाळ्यात हा थर झिजतो, तेव्हा दर फेब्रुवारीत पुन्हा. मधे धूळ साचली की झाडून काढायची, मळकं छत तापतंच. छताचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या पावसांचं बाहेर सोडा.

मग हवा. खिडक्या एकाच भिंतीत. समोरच्या भिंतीतले छताखालचे झरोके जुन्या उत्तरपत्रिकांनी बुजवलेले, कबुतरं येतात म्हणून! कागद काढून जाळी बसवली. आता गरम हवेला वरून वाट आहे, रात्रीसुद्धा.

पश्चिमेची खिडकी मात्र राहिली. तिथे छज्जा लांबवून भागत नाही, दुपारनंतरचं ऊन तिरपं आत येतं. तूर्त बाहेरून बांबूचा तट्ट्या टांगलाय, भिंतीपासून वीतभर सोडून. आतल्या पडद्यापेक्षा तो बरा, कारण ऊन आत शिरण्याआधीच अडतं. पाच मीटरवर कडुनिंब लावलाय.