काळीतलं गाव

ग्रुपवर तीनदा मेसेज आला, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, आणि मी तीनदा अंगठा दाखवून गप्प बसलो, कारण मला शाळेची आठवण म्हटली की गॅदरिंग, सहल, निकाल यातलं काहीच आधी आठवत नाही, आठवते ती सातवी ब च्या वर्गाची भेग. फळ्याच्या डाव्या बाजूला, खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट खाली फरशीपर्यंत. आमच्या १९९८ च्या दहावीच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांच्या चिठ्ठ्या अजून त्या भेगेत असतील, डागडुजी झाली नसेल तर.

भूगोलाच्या सरांनी त्या भेगेवर वहीच्या कागदाच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या, खळ लावून, आणि प्रत्येक पट्टीवर तारीख. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत आलं की पट्टी मधोमध फाटलेली असायची. मग नवीन पट्टी. पावसाळा नीट झाला की ती चुरगळून मध्ये फुगायची. आम्हाला वाटायचं सरांना काय उद्योग नाय. सर म्हणायचे, भिंत नाही हलत रे, खालची काळी श्वास घेते. जुनी माणसं शहाणी होती, गाव पांढरीत वसवलं आणि शेत काळीत केलं. शाळेला मात्र जागा मिळाली ती गावाबाहेरची, दानाची, अस्सल काळी. दानाच्या गाईचे दात कोण मोजणार!

आपल्या मंगळवेढ्याच्या काळीबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगायचं, मालदांडी ज्वारी खाऊनच वाढलो सगळे. पण माझी गंमत अशी झाली की आता बारा वर्षं झाली मी कॅनडात, सस्कॅचवान प्रांतात, रिजायना शहरात माती तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करतो, आणि इथे येताना मला पक्कं वाटत होतं की काळी माती सुटली एकदाची. पुस्तकात काय होतं? काळी माती म्हणजे दख्खनचा लाव्हा, बेसॉल्ट, उष्ण हवा, कापूस. इथे तर लाव्हाचा पत्ता नाही, जानेवारीचं सरासरी तापमान उणे १५ च्या आसपास, कापूस फक्त शर्टात.

पहिल्याच आठवड्यात गाडीला लावलेल्या गिरमिटाने एका शेतात चार फुटांचा नमुना काढला, सीनियर म्हणाला हात लावून सांग काय आहे. मी थोडं पाणी घालून मळलं आणि सरांनी शिकवलं होतं तशी वळी केली, मग अंगठ्याने दाबत दाबत तिची पट्टी काढली, ती तुटेचना, लांबतच गेली, आणि हाताला असं चिकटलं की मला डायरेक्ट आपल्या ओढ्याजवळचं रान आठवलं. म्हणलं, ही तर आमचीच आहे. तो हसला, म्हणाला इथे हिला गम्बो म्हणतात.

तर ही गम्बो आली कुठून? शेवटच्या हिमयुगात या भागावर बर्फाचा जाड थर होता. तो सरकताना खालचे मऊ शेल खडक भरडत गेला, डायनासोरच्या काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल तो. नंतर बर्फ वितळायला लागला, पाण्याला वाट मिळेना, मोठं तळं साचलं. ते कधीच आटलं, पण त्याला आता नाव आहे, ग्लेशियल लेक रिजायना. सरांचा बाटलीतला प्रयोग आठवा, माती पाण्यात घालून हलवायची आणि ठेवून द्यायची, वाळू आधी खाली बसते आणि सगळ्यात शेवटी सगळ्यात बारीक कण. तसंच झालं, संथ पाण्यात बारीक गाळ बसत गेला. म्हणून इथलं रान परातीसारखं सपाट आणि मातीत चिकणकणांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर, काही ठिकाणी ७० च्याही पुढे. म्हणजे आपली काळी लाव्हाच्या दगडाची आणि इथली बर्फाने दळलेली, माहेरं वेगळी, पण खनिज त्याच घराण्यातलं, स्मेक्टाइट. त्याचे थर वहीच्या पानांसारखे असतात, पाणी पानांच्या मध्ये शिरतं, वही फुगते, पाणी गेलं की वही मिटते. सगळा खेळ एवढाच.

बाकी लक्षणं तीच. कोरड पडली की हात जाईल अशा भेगा, वरची भुरभुरीत माती त्यात पडते, पाऊस झाला की खालची माती फुगते पण तिला जागा कुठाय, मग ढेकूळ ढेकळावर तिरकं घसरतं. खड्डा खणला की मीटरभर खाली हे घसरलेले पृष्ठभाग दिसतात, ओल्या साबणावरून बोट फिरवल्यासारखे चकचकीत. आपल्याकडे विहीर खणताना मी हेच बघितलं होतं, तेव्हा वाटलं होतं पहारीनेच तसं झालंय.

गंमत म्हणजे कॅनडावाल्यांनाही हे पटायला वेळ लागला. अशी स्वतःच स्वतःला उलथणारी माती गरम देशातच असणार असा समज होता, म्हणून ही रानं त्यांच्या वर्गीकरणात चेर्नोझेम (गवताळ रानातली, कर्बाने काळी झालेली माती) वगैरे दुसऱ्या खात्यात बसवलेली होती. व्हर्टिसॉलिक असा स्वतंत्र गट त्यांनी केला तो १९९८ साली. म्हणजे आम्ही दहावीच्या पेपरात काळ्या मातीवर तीन मार्काची टीप लिहीत होतो त्याच वर्षी इथे तिला स्वतःचं घर मिळालं.

थंडीमुळे फरक पडतोच पण. एक म्हणजे कुजायला वेळ लागतो, त्यामुळे गवताचा सेंद्रिय कर्ब साठून राहिला. आपली माती काळी असली तरी तिच्यात कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्काही नसतो, नुसत्या रंगावर जाऊ नका. दुसरं, हिवाळ्यात दीड-दोन मीटरपर्यंत जमीन गोठते, आणि गोठणं-वितळणं होऊन मोठमोठी ढेकळं आपोआप फुटतात, कुळवाची पाळी घालायला नको. ऐकायला भारी वाटतं, पण फुटून होते ती ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि वर बर्फ नसला की ते दाणे वाऱ्याने उडतात. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात या भारी जमिनीसुद्धा उडाल्या. आता बहुतेक जण नांगरतच नाहीत, धसकटात पेरतात.

पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला ३९० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या सोलापूरकडे साधारण ५५० पडतो आणि आपण दुष्काळी म्हणवतो! इथे चालतं कारण उन्हाळा छोटा आणि ही माती फूटभर खोलीला साधारण ५० मिलिमीटर पिकाला मिळेल असं पाणी धरते. आपण खरीप पड टाकून ओलीवर रब्बी ज्वारी काढतो ना, तेच. इथली गोष्ट अशी सांगतात की १८८५ च्या मेती लोकांच्या (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) उठावात शेतकऱ्यांचे घोडे आणि माणसं फौजेचं सामान वाहायला गेली, परत येईतो पेरणी टळली, इंडियन हेडच्या अँगस मॅके यांचं नांगरलेलं रान तसंच पडून राहिलं. पुढच्या वर्षी दुष्काळ, आणि पीक आलं ते नेमकं त्या पडीवर. पुढे हेच मॅके तिथल्या सरकारी प्रयोग शेताचे प्रमुख झाले आणि पड टाकायचा प्रचार केला. मला हे वाचून हसूच आलं, आमच्या आज्याला विचारलं असतं तर घोडे न पाठवताच सांगितलं असतं. आणि हो, तुमच्या आमटीतली मसूर बघा कुठली आहे ती, याच रानातली निघायची शक्यता बरीच आहे.

वापसा या शब्दाला मात्र इथे जोड नाही सापडला. ओलं असताना शिरलं तर ट्रॅक्टर रुततो, सुकलं तर दगड, मधले थोडे दिवस काय ते, हे सगळं त्यांना कळतं, पण सांगायला अख्खं वाक्य लागतं.

आता मुख्य गोष्ट. या लोकांनी शहरच काळीत वसवलं. १८८२ मध्ये रेल्वे आली तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर एडगर ड्यूडनी यांनी राजधानीसाठी ही जागा निवडली, झाड नाही, धड पाणी नाही, आणि जवळच त्यांची स्वतःची जमीन होती म्हणून तेव्हाही बोंब झाली. त्यांना कोणी पांढरी-काळी सांगायला नव्हतं. आज जुन्या वस्तीत तळघरांच्या भिंती आत झुकतात, दारं उन्हाळ्यात लागतात आणि पावसात अडकतात, कोरड पडली की गल्लीत पाण्याची मेन लाइन फुटते, नऊ-दहा फूट खोल असूनसुद्धा. दारातलं मोठं झाड मुळांनी पाणी ओढतं आणि घराचा तोच कोपरा खचतो. उन्हाळ्यात लोक घराच्या पायाला पाणी घालतात, शप्पथ, बागेला नाही, पायाला.

मी घर घेतलं तेही असंच, जुनं, स्वस्त, तळघराला भेग असलेलं. बायको म्हणाली माती तपासायची नोकरी करतोस आणि हे घर? गेल्या ऑगस्टात, पार कोरड पडलेली असताना, मी मुलीच्या वहीचं पान फाडून पट्टी केली, भेगेवर आडवी चिकटवली आणि तारीख घातली. मे महिन्यात बर्फ वितळून पाणी मुरलं आणि पट्टी मधोमध चुरगळून फुगली, अगदी सातवी ब सारखी. फोटो काढून सरांना पाठवला. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, चष्मा वर करून मोबाइल बघत असणार. दोन दिवसांनी व्हॉइस मेसेज आला, आवाज तोच, "तारीख घातलीस, पण माप कुठाय?"

दुसऱ्या दिवशी भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकले. सध्या अंतर ४१ मिलिमीटर.