तुम्ही विचारलंत म्हणून: बाबा समोर असताना बार का ठेवला

धाकट्या भावाचं रिसेप्शन होऊन इतके महिने झाले तरी प्रश्न काही थांबत नाहीत. आत्या विचारते, चुलत बहिणी विचारतात, ऑफिसातले विचारतात. निम्म्यांचा प्रश्न असा की बाबांनी दारू सोडलेली असताना तू त्यांच्या डोळ्यासमोर बार कसा मांडलास, आणि उरलेल्यांचा असा की मांडलास तर मग इतका हात आखडता का, एकच व्हिस्की, स्मॉल पेग, दहाला बंद. दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते मी कधीच नीट देत नाही, "अगं बजेट नव्हतं" म्हणून विषय संपवते. बजेट नव्हतं हे खरंच आहे, पण तेवढंच नाही.

आधी हिशोब सांगते, कारण कमी खर्चात कसं केलं हेही बरेच जण मनापासून विचारतात. लॉनवाल्याने अनलिमिटेडचं पॅकेज सांगितलं, माणशी दीड हजार, आणि ते पिणाऱ्या न पिणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचे धरून, म्हणजे एकशेतीस जणांचे एक लाख पंच्याण्णव हजार. मी यादी घेऊन बसले आणि एकेका नावासमोर खूण केली, खरे पिणारे साठ निघाले. त्यातले पस्तीस बिअरवाले, पंचवीस व्हिस्कीवाले. ७५० मिलीच्या बाटलीत तीस मिलीचे पंचवीस स्मॉल पेग बसतात, माणशी चार धरले तर चार बाटल्या लागतात, मी आठ घेतल्या. बिअरचे सात क्रेट, म्हणजे चौऱ्याऐंशी बाटल्या, आणि नाशिकची वाइन सहा बाटल्या, एका बाटलीत पाच ग्लास होतात. सगळं एकाच दुकानातून, आणि सील न तोडलेली बाटली परत घेणार हे दुकानदाराकडून आधीच बिलावर लिहून घेतलं. परतीचं वजा करून साडेएकवीस हजार झाले. लॉनवाल्याचं कॉर्केज, म्हणजे बाहेरची दारू आणू देण्याचे पैसे, पाच हजारांवर मिटवलं. एक्साइजचं एका दिवसाचं लायसन्स रीतसर काढलं, पिणाऱ्यांचे पाच रुपयांचे परमिट काढले. पंचविशीच्या आतल्यांना व्हिस्की नाही हे बारवाल्या पोराला बजावून ठेवलं होतं, कारण महाराष्ट्रात कायदा तसाच आहे, बिअर-वाइनला एकवीस आणि हार्डला पंचवीस. भावाचे दोन मित्र त्यावरून रुसले, रुसू देत. आणि तारीख २४ नोव्हेंबर २०२४ घेतली कारण २० ला विधानसभेचं मतदान, ते संपेपर्यंतचे ४८ तास ड्राय, २३ ला मतमोजणी, तोही ड्राय डे.

एवढं सगळं मला कुणी शिकवलं नाही. मी ते शिकले कारण माझं स्वतःचं लग्न कोरडं होतं.

२०१३, मे महिना. कार्यालयाच्या दारात पाटी होती, मद्यपान करून प्रवेश नाही. आईने बाबांना घराच्या देवासमोर शपथ घातली होती, आणि मीही, तेव्हाची मी, अगदी ठाम होते की माझ्या लग्नात एक थेंब चालणार नाही, कुणाला प्यायचीच असेल तर त्याने येऊच नये. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, मी हार धरून उभी आणि अंतरपाटाखालून मला फक्त पाय दिसत होते, नवऱ्याचे, भटजींचे, मामाचे. बाबांच्या चपला मी ओळखते. त्या नव्हत्या. शेवटचं सावधान झालं, हार घातले, बँड वाजला, मग कन्यादानाला बसायचं तर आई एकटीच. भटजी दोनदा म्हणाले, वडिलांना बोलवा. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा, तो धावत गेला आणि परत आला आणि कुणाशीच काही बोलला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, सासरचे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी काका-काकू पाटावर बसले आणि आई त्यांच्या मागे पदर धरून उभी राहिली, तो फोटो अल्बममध्ये आहे, मी ते पान उघडत नाही. बाबा कार्यालयाच्या मागे होते, कुणाच्या तरी सुमोच्या डिकीपाशी, प्लास्टिकचे ग्लास, पाण्याची बाटली, कागदावर शेंगदाणे, आणि भोवती आमचेच सात-आठ पुरुष, ज्यांना कळलंच नाही की आत काय चाललंय. पंगत बसल्यावर ते आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि मूठ उघडली. मुठीत अक्षता होत्या, सकाळी दारात वाटलेल्या, घामाने गोळा झालेल्या, तळहातभर कुंकू पसरलेलं. त्यांनी त्या माझ्या डोक्यावर टाकल्या. पडल्या नाहीत, हाताला चिकटूनच राहिल्या.

म्हणून भावाच्या रिसेप्शनला मला डिकी नको होती. लपून प्यायची ती भरभर, न मोजता, आणि बाहेर. मला ती मंडपात हवी होती, उजेडात, मापाने, बायकामुलांच्या देखत, शेजारच्याच काउंटरवर सोलकढी आणि कोकम सोडा. त्या रात्री कुणी गाडीमागे गेलं नाही, हे मी स्वतः दोनदा पार्किंगला चक्कर मारून बघितलंय.

पण यावर तुम्ही विचारू शकता, आणि मी रात्री स्वतःलाच विचारते, की २०१३ ला बार आत असता तर बाबा पाटावर बसले असते का. नसते. तीसच्या मापाने थांबणारा तो माणूस नव्हता. त्यांना मापाने नाही, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने थांबवलं, २०१८ ला, आणि रोज ते स्वतः थांबतात. मग माझा बार नक्की कुणासाठी होता? पाहुण्यांसाठी म्हणते मी. भावजयीच्या माहेरी चालतं, त्यांना वाईट वाटलं असतं, हेही खरं. आणि त्या जुन्या दिवसाशी मला भांडायचं होतं, हेही खरं, फक्त त्यात बाबांना परत उभं केलं मी.

तुम्ही म्हणता, त्यांना विचारलं होतंस ना? विचारलं होतं. ते म्हणाले, ठेव, मला काही होत नाही. हे मी सगळ्यांना सांगते. हे सांगत नाही की लॉनचा अॅडव्हान्स भरून झाल्यावर विचारलं. नाही म्हणायला त्यांना जागाच ठेवली नव्हती.

रात्री साडेअकराला सगळे गेल्यावर परतीच्या बाटल्या मोजायला तेच आले, मी बोलावलं नव्हतं. खाली वाकून एकेक बाटली मानेला धरून क्रेटमध्ये ठेवत होते, झाकणावरून अंगठा फिरवून सील बघत होते, आणि कॅटरिंगच्या मेनूच्या मागे लिहीत होते, बिअर २६, व्हिस्की ३, वाइन २. एका व्हिस्कीचं सील तुटलेलं होतं, आत निम्मी होती, ती दुकानदार घेणार नव्हता. मी ती उचलून बेसिनकडे गेले. बाबा मागून आले, आणि मी ओतत होते तेव्हा त्यांनी नळ पूर्ण सोडला, बाटली रिकामी झाल्यावरही बराच वेळ पाणी जाऊ दिलं.

घरी येताना गाडीत त्यांनी त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली केली, नोव्हेंबरची थंडी होती तरी. आईने शाल गुंडाळून घेतली, काच वर करा असं काही म्हणाली नाही.