चिकटणारी बाजू

नौपाड्यातल्या आमच्या घरी फ्रिजच्या दारावर गॅसवाला, पोळीभाजी केंद्र, पेस्ट कंट्रोल आणि एक माजी नगरसेवक गुण्यागोविंदाने नांदतात. सगळ्यांचे नंबर मोबाइलमध्ये आहेत, तरी चुंबक टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही.

यातला एखादा लवचीक, चपटा चुंबक उलटा, म्हणजे छापील बाजूने दाराला लावून बघा. बहुतेक घसरून पडेल. जाडी जेमतेम मिलिमीटरभर, पण जोर सगळा एकाच अंगाला! शाळेतल्या पट्टीचुंबकाला हे जमत नाही. इथे फेराइट या लोहयुक्त चुंबकी पदार्थाची पूड रबरात किंवा प्लास्टिकमध्ये कालवून पातळ पत्रा काढतात आणि त्यात चुंबकत्वाची दिशा पट्ट्यापट्ट्याने फिरवत नेतात. त्यामुळे मागच्या बाजूला पट्ट्यांची बलं एकमेकांत मिळून वाढतात, पुढच्या बाजूला एकमेकांना मारतात. चुंबकत्वाचे अभ्यासक जॉन मॅलिन्सन यांनी १९७३ साली ही गंमत कागदावर मांडली. पुढे अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस हालबाख यांनी कणत्वरकांसाठी, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांसाठी, अशीच रचना केली आणि नाव पडलं हालबाखचं. मॅलिन्सन यांच्या वाट्याला आमचा पेस्ट कंट्रोल.

पट्टे दिसत नाहीत, पण हाताला कळतात. दोन चुंबकांच्या काळ्या बाजू एकमेकींवर ठेवून सरकवा. एका दिशेने घोडबंदर रोडच्या रम्बलरवरून रिक्षा गेल्यासारखं टकटकतं, दुसऱ्या दिशेने अगदी गुळगुळीत.

पट्टे अरुंद, म्हणून जोरही दारालगतच. थोडं अंतर पडलं की संपला. वाणसामानाची यादी तो सहज सांभाळतो. तिच्याखाली विजेचं बिल, मेंटेनन्सची पावती आणि शाळेचं वेळापत्रक सरकवलं की सगळं जमिनीवर. आई म्हणते, चुंबक म्हातारा झाला. चुंबक ठणठणीत आहे, गठ्ठा जाड झालाय. कागदाला तर तो ओढतच नाही. ओढला जातो तो स्वतः, दाराकडे. मध्ये दाबला गेलेला कागद घर्षणाने थांबतो, इतकंच.

याच जातीची चुंबकी पट्टी दाराच्या रबरातही असते. पूर्वी फ्रिजला बाहेरून खिटी असायची आणि टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुलं आत गुदमरून मरत. अमेरिकेत १९५६ साली कायदाच झाला, की दार आतून उघडता आलं पाहिजे. खिटीची जागा या चुंबकी पट्टीने घेतली; आतून ढकललं की दार उघडतं. इतकी मोलाची वस्तू, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. आमच्याकडे तिच्या घड्यांतली काळी बुरशी जुन्या टूथब्रशने काढायचं काम दिवाळीत माझ्याकडे असतं.