यावे
लेकीकडे, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला, मी सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी आले आणि दुसऱ्याच दुपारी दाराशेजारच्या खुंटीवर मला एक पिवळी चिठ्ठी दिसली. ‘ला यावे’, मी मोठ्याने वाचले. स्वागत छान आहे, पण हा ‘ला’ कशासाठी, असा विचार करते आहे तोच साडेचार वर्षांची नात धावत आली आणि खुंटीवरच्या जुडग्याला हात लावून विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागली. स्पॅनिशमध्ये ‘यावे’ म्हणजे किल्ली. आपली ‘चावी’ पोर्तुगिजांकडून आली, म्हणजे ही तिची सख्खी चुलतबहीणच.

१८३६ पर्यंत हा मुलूख मेक्सिकोचा होता आणि आजही बागेतल्या घसरगुंडीवर स्पॅनिशच अधिक ऐकू येते. तेव्हा पोरीला चार शब्द यावेत, एवढीच लेकीची इच्छा. खेळ सोपा आहे. डब्यातली चिठ्ठी आजीने वाचायची, नातीने धावत जाऊन ती वस्तू गाठायची आणि चिठ्ठी तिथे चिकटवायची. चिठ्ठ्या देवनागरीत आहेत, कारण वाचणारी मी आहे, आणि त्याचा फायदाही होतो : दाराच्या ‘पुएर्ता’तला त हा तव्यातला त आहे, टेबलातला ट नव्हे.

टेबलावरून मात्र भांडण झाले. ‘ला सिया’, ती खुर्ची, इथवर ठीक होते; पण ‘ला मेसा’ म्हटल्यावर नात ‘ती टेबल’ म्हणू लागली. त्या भाषेत नामे एक तर पुल्लिंगी, नाही तर स्त्रीलिंगी. आपल्या बिचाऱ्या नपुंसकलिंगाला तिथे थाराच नाही. चंद्र, म्हणजे ‘लुना’, स्त्रीलिंगी निघाल्यामुळे आमच्या घरी चांदोमामाची मावशी झाली आहे. उलट, ‘मे गुस्ता एल मांगो’ हे वाक्य मला एका फटक्यात समजले. मला आंबा आवडतो! आवडणाऱ्याला बाजूला बसवून आंब्याला कर्तेपणाचा मान देणारी आणखी एक भाषा आहे, याचा मला उगीचच अभिमान वाटला. (आंबे अनेक असले की ‘गुस्तान’, म्हणजे ‘आवडतात’. इंग्रजीला हे सुचले नाही.)

काल नात बागेतून नवा खेळ घेऊन आली : ‘गायिनीता सिएगा’, आंधळी कोंबडी. डोळे बांधलेल्या कोंबडीला विचारायचे, तुझे काय हरवले? ती म्हणते, सुई आणि अंगुस्तान. मग तिला गरगर फिरवून सोडायचे. मी चटकन माझी ओढणी दिली. आमच्या वाड्यात यासाठी आजोबांचा पंचा असे. त्याला चंदनाचा आणि तपकिरीचा वास येई, आणि त्या अंधारात हात पुढे करून चाचपडताना बांगड्या लागल्या की काकू आणि नुसते मनगट लागले की विधवा आत्या, एवढे मला सहाव्या वर्षी कळत होते.

“आमच्याकडे याला आंधळी कोशिंबीर म्हणतात,” मी नातीला सांगितले.

“कोशिंबीर आंधळी कशी असेल, आजी?”

रात्री काकडी चोचवताना मी वाडग्याकडे बराच वेळ पाहत राहिले.