वजन चोख, माप चुकीचे

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या डाळ मिलमध्ये मी हिशेब आणि पाठवणीचे काम पाहतो, तेथून एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या भिवंडीजवळील गोदामात एक किलोच्या पाकिटांतील डाळी नियमित जातात. पावसाळा संपत आला असताना त्या साखळीकडून खात्यावर जमा झालेली रक्कम बिलापेक्षा ५६,६४० रुपयांनी कमी निघाली, आणि त्याच दिवशी सकाळी ईमेलवर डेबिट नोट, म्हणजे रक्कम कापल्याचा कागद, आली. ‘उत्पादनाची माहिती अचूक न दिल्याबद्दल दंड’ या शीर्षाखाली तूर, हरभरा, मूग आणि उडीद या चार डाळींच्या चार कोडांसाठी प्रत्येकी १०,००० रुपये, १,००० कार्टन, म्हणजे पुठ्ठ्याची खोकी, पॅलेटवर (माल रचायच्या सपाट फळीवर) नव्याने रचल्याबद्दल कार्टनमागे ८ रुपये, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी असा तो हिशेब होता. वीस टन डाळीच्या एका ट्रकमागे मिलला जे सुटते, त्यातला मोठा घास या एका कागदाने घेतला होता.

आमचे मालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांनी तो कागद वाचून माझ्याकडे परत सरकवला. ‘‘वजनात ग्रॅम कमी नाही, मालात खडा नाही, मग दंड कशाचा हो मुनीमजी? खोक्याचा?’’ त्यांनी हे उपहासाने विचारले होते, पण उत्तर खरोखर तेच होते. डेबिट नोटसोबतच्या तक्त्यात प्रत्येक कोडपुढे दोन मापे दिलेली होती. साखळीच्या पोर्टलवरील उत्पादन-नोंदीत आमच्या कार्टनची लांबी ४००, रुंदी ३०० आणि उंची २५० मिलिमीटर होती. गोदामातील मापन-यंत्राने मात्र ४१२, ३१२ आणि २७४ अशी मापे टिपली होती. करारानुसार १० मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे दंड.

मुकादमांना सांगून मी भरलेली काही कार्टन खाली उतरवून घेतली आणि टेप लावली. यंत्र बरोबर होते. मग पोर्टलवर जुनी मापे आली कोठून, याचा शोध घेताना उत्पादन-नोंदीची मूळ फाइल सापडली. माझ्या आधीच्या हिशेबनिसांनी ती भरताना खोके पुरवणाऱ्या कारखान्याच्या बिलावरील आकडे जसेच्या तसे उतरवले होते. मी त्या कारखान्याला फोन केला, तेव्हा तेथील व्यवस्थापकांना या प्रश्नाचेच नवल वाटले. ‘‘साहेब, आम्ही आतलं माप लिहितो. तुमची वीस पाकिटं आत बसली पाहिजेत ना? बाहेरून किती भरतं, ते आजवर कोणी विचारलंच नाही.’’

त्यांचे म्हणणे त्यांच्या व्यवसायाच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. खोके बनवणारा आतले माप धरतो, कारण त्याला माल बसवायचा असतो. गोदाम बाहेरचे माप धरते, कारण त्याला खोके बसवायचे असते. या दोहोंमध्ये पुठ्ठ्याची जाडी असते, आणि आमच्या पाच प्लायच्या (थरांच्या) पुठ्ठ्याची जाडी सुमारे सहा मिलिमीटर आहे. लांबी-रुंदीत ती दोन्ही बाजूंनी मिळून १२ मिलिमीटर भरते, तर उंचीत वरच्या आणि खालच्या झाकणांच्या पाकळ्या एकमेकींवर दुमडल्या जात असल्यामुळे चार जाड्या मोजाव्या लागतात, म्हणजे २४ मिलिमीटर. यंत्राचे आकडे या गणिताशी तंतोतंत जुळत होते. वर कोंबून भरलेल्या डाळीमुळे बाजू थोड्या फुगतात ते वेगळेच.

यात एक विनोदही होता, आणि तो अप्पांना मुळीच विनोद वाटला नाही. पूर्वी आम्ही तीन प्लायची खोकी वापरत होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी याच साखळीने खालच्या थरातील कार्टन चेपली जात असल्याची लेखी तक्रार केली, म्हणून अप्पांनी जादा पैसे मोजून पाच प्लायची खोकी घेतली. पाकीट तेच, वजन तेच, बारकोडही तोच राहिला. बारकोडची मानके ठरवणाऱ्या जीएसवन या संस्थेच्या नियमांप्रमाणे एखाद्या मापात किंवा एकूण वजनात २० टक्क्यांहून अधिक फरक पडला तरच नवा जीटीआयएन, म्हणजे बारकोडमधील उत्पादन-क्रमांक, घ्यावा लागतो, आणि आमचा फरक त्याच्या पुष्कळ आत होता. नवा क्रमांक लागत नाही, म्हणून नोंदही बदलण्याची गरज नाही, असा सोयीचा अर्थ मिलमध्ये कोणीतरी काढला असावा. प्रत्यक्षात क्रमांक तोच राहिला तरी मापांची नोंद सुधारणे हे पुरवठादाराचेच काम असते.

दुपारी मी अप्पांसमोर कागदावर १,२०० बाय १,००० मिलिमीटरचे पॅलेट काढून दाखवले. ४०० बाय ३०० चे खोके असेल तर त्यावर एका थरात बरोबर दहा खोकी बसतात: तीन-तीन खोक्यांच्या दोन ओळी लांबीने आणि चार खोक्यांची एक ओळ आडवी, कोठेही बोटभर जागा उरत नाही. खोके ४१२ बाय ३१२ चे झाले की तीच रचना रुंदीच्या अंगाने ३६ आणि लांबीच्या अंगाने ४८ मिलिमीटरपर्यंत बाहेर लोंबते. खोक्याची ताकद त्याच्या कोपऱ्यांत असते, आणि कोपरा अधांतरी राहिला की मजबूत पुठ्ठाही चेपतो. म्हणजे ज्या तक्रारीवरून आम्ही खोके बदलले, तीच तक्रार बदललेल्या खोक्याने पुन्हा ओढवून घेतली होती. उंचीचा प्रश्न आणखी अडचणीचा होता. नोंदीप्रमाणे पाच थरांचे १,२५० आणि पॅलेटचे १५० मिळून १,४०० मिलिमीटर होत होते, आणि रॅकचा कप्पा १,५०० चा आहे. तीन प्लायच्या खोक्यांची खरी उंचीही नोंदीपेक्षा जास्तच होती, पण ती १,४६० पर्यंत जाऊन कशीबशी बसत होती, म्हणून इतकी वर्षे कोणी टेप लावली नाही. पाच प्लायचा ढीग १,५२० वर गेला. तेव्हा ट्रकमधील वीसही पॅलेट उतरवून पुन्हा रचावी लागली, हे गोदामाचे म्हणणे खोटे नव्हते.

अमेरिकेतील टार्गेट या साखळीने २०१६ मध्ये, खोक्याच्या आकारासारखी माहिती चुकीची आढळल्यास पुरवठादाराला १०,००० डॉलरपर्यंत दंड करण्याचे धोरण आणल्याची बातमी होती. तेव्हा ती वाचून मला अतिशयोक्ती वाटली होती. रॅकची उंची, ट्रकमधील जागा, शेल्फवरील मांडणी आणि ऑनलाइन विक्रीचे वाहतूक-भाडे हे सर्व माल येण्याआधीच संगणकात ठरत असेल, तर चुकीचा आकडा खरोखरच खर्च वाढवतो, हे मला आता मान्य आहे. अप्पांना ते पटायला वेळ लागला, आणि त्याचे मला नवल वाटत नाही. त्यांची सगळी हयात काट्यासमोर गेली आहे. वैधमापन विभागाचे निरीक्षक येतात तेव्हा ते पाकिटाचे निव्वळ वजन तपासतात. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची त्रुटी क्षम्य आहे, आणि आमच्या मिलमध्ये तेवढीही होऊ देत नाहीत. बाहेरच्या खोक्याला ते टेप लावत नाहीत.

तरीही तो कागद जसाच्या तसा मान्य करण्याजोगा नव्हता. चारही डाळी एकाच आकाराच्या खोक्यात जातात, पण उडदाच्या कोडपुढे यंत्राने ४१२, २७४ आणि ३१२ असे लिहिले होते. अर्थ उघड होता: ते खोके कोणीतरी कुशीवर ठेवून मोजले होते. जीएसवनचा मापन-नियम सांगतो की असे कार्टन त्याच्या नैसर्गिक तळावर ठेवूनच मोजायचे, आणि आमच्या खोक्यावर वरची बाजू दाखवणारा बाण ठळक छापलेला आहे. उडदाच्या नोंदीतही चूक होती, हे मी नाकारत नव्हतो. परंतु ज्या मोजणीच्या आधारे दंड आकारला, ती मोजणीच नियमबाह्य होती, आणि दहा मिलिमीटरचा हिशेब मांडणाऱ्याने स्वतःचे खोके तरी सरळ ठेवायला हवे.

दुसरा मुद्दा कराचा होता. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, कराराच्या भंगाबद्दल घेतलेली निव्वळ भरपाई हा कोणत्याही सेवेचा मोबदला नसतो, त्यामुळे तिच्यावर जीएसटी लागत नाही. पॅलेट पुन्हा रचणे ही सेवा म्हणता येईल, तेव्हा त्या ८,००० रुपयांवरील कर मी मान्य केला. ४०,००० वरील ७,२०० रुपयांच्या कराला हरकत घेतली.

तिसरा मुद्दा मी लिहिला आणि अप्पांनी तो खोडला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते आणि रक्कम जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावी लागते. डेबिट नोट ही मुदत उलटून गेल्यावर आली होती, आणि आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे. थकीत रकमेचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाण्याइतका हा युक्तिवाद मजबूत आहे, असे मी सांगितले. अप्पा म्हणाले, ‘‘परिषदेत आपण जिंकू, अन् पुढच्या महिन्यात ऑर्डर बंद होईल. ते राहू द्या.’’ कायद्याने दिलेले हत्यार लहान पुरवठादार वापरत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा या एका वाक्यात मावते.

संध्याकाळी टेपसह काढलेली छायाचित्रे जोडून पत्र गेले. उत्तर आले तेव्हा उडदाचे १०,००० रुपये रद्द झाले होते आणि दंडावरील करही मागे घेतला होता. ३९,४४० रुपये मात्र कायम राहिले. चुकीच्या मोजणीबद्दल दिलगिरीचा एक शब्द त्यात नव्हता. करारात पुरवठादाराच्या चुकीला दर लिहिलेला आहे, खरेदीदाराच्या चुकीला तसा रकाना नाही.

खोक्याचा प्रश्न अप्पांनी स्वतः सोडवला. बाहेरून ३९८ बाय २९८ भरेल असे पाच प्लायचे खोके मागवले. आत जागा कमी झाल्याने ते उंच झाले आणि पाचाऐवजी चारच थर बसू लागले, म्हणजे पॅलेटवर पन्नासऐवजी चाळीस कार्टन. साखळीच्या खरेदी विभागाने ते मान्य केले. आता कारखान्याच्या ऑर्डरवर आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही मापे लिहिली जातात, आणि नव्या खेपेतील भरलेले खोके मोजल्याशिवाय मी पोर्टल उघडत नाही. नवी मापे भरल्यानंतर साखळीकडून मंजुरी यायला काही आठवडे लागले. त्या काळात पोर्टलवर जुनेच आकडे दिसत असल्यामुळे, आम्ही सुधारणा पाठवल्याच्या तारखेचा ईमेल छापून प्रत्येक ट्रकच्या चलनाला टाचून देत होतो.