डिसेंबरात आपल्या गल्लीचं पाणी ओळखून ठेवा

कोल्हापुरात पेठेतल्या माणसाला कुठला म्हणून विचारलं तर तो तालमीचं नाव सांगतो आणि विषय संपतो. उपनगरातला माणूस दोन गावं सांगतो: मूळ गाव आजरा, राहायला आर. के. नगरला. मूळ गाव गडहिंग्लज, राहायला फुलेवाडीत. घर बांधून पंधरा वर्षं झाली, पोरं इथंच शिकली, तरी 'राहायला' हा शब्द काही सुटत नाही. ही दुसरी जागा आपली कधी होते, याचं माझं उत्तर सरळ आहे. गल्लीत पाणी कुठून येतं आणि गल्लीतून ते कुठं जातं, हे नकाशा न बघता सांगता आलं की माणूस तिथला झाला. कोल्हापूरसारख्या पाण्याच्या गावात तर हे नक्कीच खरं.

हे काम वर्षअखेरीलाच करावं. पावसाच्या खुणा अजून कुंपणाच्या भिंतींवर दिसतात. ओढे-नाले आटलेले असतात, त्यामुळे काठाने चालता येतं. टंचाई सुरू व्हायला अवकाश असतो, म्हणून माणसं शांतपणे बोलतात. शिवाय 26 जानेवारीची ग्रामसभा आणि महापालिकेचं मार्चआधीचं अंदाजपत्रक पुढेच असतं. गटाराची मागणी जूनमध्ये केली तर हातात आश्वासन पडतं. आत्ता लेखी दिली तर ती निदान यादीत तरी येते.

सुरुवात नावापासून करा. आपल्या उपनगरांच्या नावांतच जमिनीची माहिती भरलेली आहे. देवकर पाणंद घ्या. पाणंद म्हणजे दोन शेतांच्या मधली बैलगाडीची वाट. दोन्हीकडच्या बांधांपेक्षा ती खोल असते आणि पावसाळ्यात शेतातलं पाणी तिच्यातूनच वाहून जातं. वर डांबर टाकलं म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. नावात पाणंद असेल तर मोठ्या पावसात रस्त्यावर पाणी येणार हे धरूनच चालावं. माळ म्हटलं की उंच, खडकाळ, मुरमाड जमीन. तिथं पाणी साचत नाही आणि विहीर-बोअरला सहज लागतही नाही. मळा, मळवी म्हटलं की नदीच्या गाळाची काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि पाया उथळ असेल तर एप्रिल-मेमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. खण म्हणजे दगड काढून झालेला खड्डा. भराव टाकून बुजवलेल्या खणीवर घर असेल तर फरशी दबण्याची तयारी ठेवावी लागते. भराव बसायला वर्षं लागतात, आणि तो सगळीकडे सारखा बसत नाही.

नावानंतर कागद. महापालिका हद्दीत मालमत्ता पत्रक, हद्दीबाहेर सातबारा आणि गावनकाशा. गावनकाशावर जुने ओढे आखलेले असतात. आज तिथं कॉलनीचा रस्ता किंवा कुणाचं पार्किंग असेल, पण नकाशात ओढा असेल तर जुलैत तो परत येतो. नदीकाठच्या पट्ट्यात पूररेषाही बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर परवानगी. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढची शंभर वर्षं निवांत, असा नाही. प्रत्येक वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. 2019 आणि 2021 या दोन वर्षांच्या महापुरांनी तो अर्थ आपल्याला नीट समजावला.

आता पुराचं. कोल्हापूरकराला पावसाळ्यात दोन आकडे झोपेतही पाठ असतात: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 फुटांच्या वर. पण हे आकडे सगळ्या शहराचे झाले. तुमच्या गल्लीचा आकडा वेगळा असतो आणि तो कुठल्याही सरकारी कागदात सापडत नाही. बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या कोपऱ्यावर पाणी चढतं, तो हा आकडा. तो शोधायची पद्धत सोपी आहे. भिंतीवरची किंवा विजेच्या खांबावरची पुराची खूण शोधा. चिखलाची कडा बारीक, तांबूस-करडी असते. वरचा रंग स्वच्छ, खालचा फुगलेला. रस्त्यापासून तिची उंची टेपने मोजा. समजा 2021 ची खूण रस्त्यापासून 5 फुटांवर आहे. त्या वेळी बंधाऱ्यावर 56 फूट होते, म्हणजे ढोबळमानाने तुमचा रस्ता 51 ला ओला होतो. नदीचा उतार आणि बंधाऱ्यापासूनचं अंतर यामुळे यात फूट-दीड फूट इकडंतिकडं होतं, म्हणून 49 लाच मोटारसायकली हलवायच्या. पुढच्या पुरात पाणी प्रत्यक्ष पोचलं की त्या वेळचा बंधाऱ्याचा आकडा लिहून हिशेब दुरुस्त करायचा.

नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जाऊ शकत नाही आणि उलटं शहरात शिरतं. याला फुगवटा म्हणतात. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात सगळ्यात आधी पाणी येतं ते याच वाटेने, आणि व्हीनस कॉर्नर पाण्याखाली जातो तोही याच कारणाने. हा नाला कळंब्याच्या बाजूने निघून शहराच्या पोटातून जातो. त्याला मिळणाऱ्या लहान ओढ्याच्या काठावर तुमची कॉलनी असेल, तर नदीपासून दोन-तीन किलोमीटरवर असूनही तुम्ही नदीचे शेजारी आहात. बाथरूमच्या जाळीतून गडगड आवाज येऊन काळं पाणी वर यायला लागलं, की बाहेर फुगवटा चढतोय हे ओळखावं. तळमजल्याच्या ड्रेनेजला एकदिशा झडप बसवायची तर तीही आत्ताच. तिच्या फ्लॅपमध्ये केस आणि कचरा अडकला की ती नेमकी गरजेच्या वेळी उघडी राहते, म्हणून मे महिन्यात एकदा खोलून धुवायची.

पाणी येतं कुठून, ही दुसरी बाजू. शहराला शिंगणापूर आणि बालिंग्याच्या उपशाचं पाणी होतंच. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाहून थेट पाइपलाइनचं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं. पन्नासहून जास्त किलोमीटर लांबीची ही लाईन आहे. एवढ्या लांबीत कुठं गळती निघाली किंवा उपशाच्या ठिकाणी वीज गेली, की टाक्या परत भरून दाब पूर्ववत व्हायला दिवस-दोन दिवस जातात. लाईनच्या शेपटाला असलेल्या उपनगरांत तो दाब सगळ्यात शेवटी पोचतो. पाचगाव, मोरेवाडी, उचगावसारख्या हद्दीबाहेरच्या गावांची व्यवस्था वेगळी: ग्रामपंचायत, प्रादेशिक योजना, बोअर, टँकर. 1972 साली महापालिका झाली, शहर त्यानंतर हद्द ओलांडून केव्हाच पुढं गेलं, आणि 2017 मध्ये 42 गावांसाठी विकास प्राधिकरण झालं. घरफाळा एकाकडे, बांधकाम परवाना दुसऱ्याकडे आणि पाणी तिसऱ्याकडे, अशी या गावांतल्या माणसाची ओढाताण होते. आपलं पाणी नेमकं कुणाच्या अखत्यारीत येतं हे एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवून ठेवा.

पहाटे साडेपाचला नळ उघडला की आधी हवा फुसफुसते, मग तो दोन-चार वेळा थुंकल्यासारखा करतो, मग गढूळ धार आणि मग स्वच्छ पाणी. ही सुरुवातीची धार टाकीत घेऊ नका. लाईन रिकामी असताना आतला गाळ सुटलेला असतो, आणि गटाराजवळचा सांधा गळका असेल तर बाहेरचं घाण पाणी आत शिरलेलं असतं. पहिली पाच मिनिटं बादलीत घ्या, झाडांना घाला. लाईनला थेट मोटर लावणं वाईट ते याच कारणाने. मोटर ओढते तेव्हा पाइपमध्ये पोकळी होते आणि प्रत्येक गळका सांधा बाहेरचं पाणी आत चोखतो. मोटर एकाची, कावीळ सगळ्या गल्लीला. शिवाय शेवटच्या घराचं पाणी तुटतं ते वेगळंच. ज्या गल्ल्यांत हे सुटलंय तिथं नियम साधा आहे: पहिला अर्धा तास कुणीच मोटर लावायची नाही, सगळ्यांनी जमिनीखालच्या टाकीत आपोआप येईल तेवढं घ्यायचं, आणि वरच्या टाकीला चढवायची मोटर पाणी गेल्यावर सुरू करायची. तो नियम बसायला शेवटच्या घरातली काकू आणि पहिल्या घरातले दादा एकदा समोरासमोर बोलावे लागतात. चावी सोडणाऱ्या माणसाचं नाव आणि वेळ सगळ्यांना ठाऊक हवी. चहा विचारावा त्याला. लाईनवर आज काय झालंय हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

टाकी धुण्याला डिसेंबर उत्तम, पाणी पुरेसं असतं. पाणी चार-सहा इंचांवर आणायचं, मोटरचा मेन स्विच बंद करायचा, झाकण उघडून तास-दोन तास हवा खेळू द्यायची. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, त्यामुळे एकट्याने कधीही उतरू नये. वर एक माणूस थांबलाच पाहिजे. साबण नको, नायलॉनचा ब्रश पुरे. गाळ कापडाने टिपून काढायचा, भिंतींना ब्लीचिंगचं पाणी फासून अर्ध्या तासाने धुवायचं. एरवी पाणी संशयास्पद वाटलं तर 1000 लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे साधारण अर्धा लहान चमचा. आधी मगभर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर घेऊ नका. क्लोरीन उडून गेलेलं असतं, नुसता चुना उरतो.

आता सगळ्यात जास्त भांडणं होतात ती गोष्ट: गटार. गाडी आत घ्यायला प्रत्येकजण फाटकासमोर गटारावर काँक्रीटचा रॅम्प ओततो. रॅम्पखाली सफाईचा हात पोचत नाही, गाळ साठतो, दोन पावसांत गटार तोंडापर्यंत भरतं आणि पाणी रस्त्यावर येऊन उताराकडच्या घरात शिरतं. ज्याचा रॅम्प त्याला त्रास नाही, म्हणून त्याला ते दिसतही नाही. उपाय असा: अखंड स्लॅब न ओतता दोन-दोन फूट रुंदीची, हूक असलेली, काढता येणारी झाकणं टाकायची. दोन माणसांना उचलता यावीत एवढंच वजन ठेवायचं. मग गटाराच्या वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओतून बघायचं. जिथं ते थांबतं तिथं उतार बिघडलेला आहे किंवा गाळ आहे. खडूने तिथं फुली मारा आणि फोटो काढून अर्जाला जोडा. 'आमच्याकडं पाणी तुंबतं' या वाक्यापेक्षा 'घर क्रमांक अमुक ते तमुक, 12 मीटर, उतार उलटा' या ओळीवर अभियंत्याला लगेच काम करता येतं.

डांबरीकरणावरही लक्ष ठेवा. जुना थर न खरवडता वर नवा टाकला की दर खेपेला रस्ता दीड-दोन इंच चढतो. तीन-चार खेपांत फाटकाची पायरी रस्त्याखाली जाते आणि पाणी अंगणात यायला लागतं. काम सुरू व्हायच्या आत खरवडण्याची मागणी लेखी करा. रोलर आल्यावर कुणी ऐकत नाही.

माळावरच्या कॉलन्यांनी छताचं पाणी सोडू नये. शहरात वर्षाला ढोबळमानाने हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून सत्तर हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. ते जमिनीत मुरवायला बोअरजवळ तीन बाय तीन फुटांचा, सहा-सात फूट खोल खड्डा. खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं. वरची वाळू दरवर्षी धुतली नाही तर पाला कुजून थर बंद होतो आणि खड्ड्याचं डबकं होतं. काळ्या मातीत हा खड्डा चालत नाही, तिथं साठवण टाकीच बरी.

या सगळ्यासाठी मोठी संघटना लागत नाही. शाहूपुरी 1895 मध्ये गुळाच्या बाजारपेठेसाठी वसली, राजारामपुरी पुढं गल्ल्यांना क्रमांक देऊन आखली. त्याही एके काळी शहराच्या कडेच्याच होत्या. तिथली जुनी माणसं आजही आपल्या गल्लीत पाणी कुठवर येतं हे पायरी दाखवून सांगतात. नव्या कॉलनीत ही माहिती एकेका घरात विखुरलेली असते. भाडेकरू बदलले, घर विकलं, की ती निघून जाते. म्हणून एक दोनशे पानी वही करा. व्हॉल्व्ह कुठं आहेत, पाण्याची वेळ, गटाराची दिशा, जुना ओढा, बंधाऱ्याचा आपला आकडा, मोटर न लावायचा नियम. ती मंडळाच्या कपाटात कुलूपबंद नको. दुकानात किंवा दूध घालणाऱ्या मामांच्या गोठ्यात, सगळ्यांना दिसेल अशी असावी.

आणि कोपऱ्यावरच्या एखाद्या कुंपणाच्या भिंतीवर, घरमालकाला विचारून, पुराची रेघ रंगवून ठेवा. आधी तारेच्या ब्रशने भिंत घासा, प्रायमर मारा, वाळला की लाल ऑइल पेंटने दोन इंच रुंद आडवी रेघ. विजेच्या खांबावर नको, खांब बदलतात. रेघेच्या शेजारी साल आणि त्या वेळची बंधाऱ्याची पातळी लिहा: 2019, 2021. डिस्टेंपर वापरला तर दोन पावसांत जातो. ऑइल पेंटही चार-पाच वर्षांत फिका पडतो, तेव्हा त्याच रेघेवर परत मारा, अंदाजाने नवी रेघ ओढू नका.